माती करते, आपण नुसतं बघायचं

लुआर नदीच्या खोऱ्यात वाइन चाखायला गेलेल्या माणसाच्या हाती पेल्याआधी दगड येतो. तो धुतलेला नसतो. देणारा मात्र अशा काही भक्तिभावाने देतो, की आपण तीर्थ घेतल्यासारखा उजवा हात पुढे करतो आणि मग पुढे काय करायचं ते न कळून तसेच उभे राहतो. "वास घ्या," तो सांगतो. आपण घेतो. दगडाला दगडाचा वास येत असतो. "आता जीभ लावा." इथे पाहुण्यांत दोन तट पडतात. बायका दगड शांतपणे नवऱ्याकडे देतात. नवरे आजूबाजूला बघून जीभ लावतात आणि "अहाहा" म्हणतात. समोरचा माणूस मान डोलावतो. परीक्षा पास झाली, आता पेला मिळेल.

हा माणूस म्हणजे लुआरचा व्हिन्येरों. स्वतःची द्राक्षं लावायची, स्वतःच गाळायची आणि स्वतःच विकायची, असा तिहेरी धंदा करणारा. सकाळी तो ट्रॅक्टरवर असतो, दुपारी तळघरात आणि संध्याकाळी काउंटरमागे. वय तिशीपासून ऐंशीपर्यंत काहीही असू शकतं, पण कपडे सगळ्यांचे एकच: रबरी बूट आणि खिसे लोंबणारं जाकीट. एका खिशात सिकेटर, दुसऱ्यात दगड. नखांतली माती तो पाहुणे येणार म्हणून काढत नाही; पाहुणे येणार म्हणूनच ठेवत असावा, असा माझा जुना संशय आहे.

मी कामानिमित्त तूर शहरात राहत होतो, तेव्हा घरून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला घेऊन या मंडळींकडे दुभाष्या म्हणून जावं लागायचं. त्यामुळे त्याचं पहिलं वाक्य मला पाठ झालं आहे: "मी काही करत नाही. सगळं माती करते."

ऐकणारा विरघळतो. काय हा विनय! वस्तुतः या वाक्याइतकी बेरकी बढाई मी दुसरी ऐकलेली नाही. "वाइन मी चांगली करतो" म्हटलं तर शेजारीही शिकून चांगली करू शकेल. वाइन मातीने केली म्हटलं, की शेजाऱ्याची बोळवण झाली. कारण ती माती याची आहे, बांधापलीकडे ती नाही, आणि शेजाऱ्याने कितीही कष्ट केले तरी ती त्याला मिळायची नाही. या माणसाच्या हिशेबाची वाटणी ठरलेली असते. वाइन उतरली तर श्रेय मातीचं, बिघडली तर दोष आभाळाचा. किंमत मात्र तो स्वतः ठरवतो.

बरं, "काही करत नाही" म्हणजे काय काय करत नाही? कडाक्याच्या थंडीत एकेका वेलीची छाटणी, मग काड्या बांधणी, विरळणी, पानं काढणं, डावणी आणि भुरीवर फवारणी, तोडणी, गाळणी, पिंपांची राखण, आणि फ्रेंच सरकारचे फॉर्म. हे सगळं न करण्यात त्याचं वर्ष जातं.

लुआर ही फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी. आर्देशच्या डोंगरात उगम पावून हजार किलोमीटर वाहत सां-नाझेरपाशी अटलांटिकला मिळते. वाटेत राजेरजवाड्यांचे वाडे आहेत, आँब्वाजला लिओनार्दो दा विंची शेवटची वर्षं काढून १५१९ मध्ये वारला, आणि मधल्या मोठ्या पट्ट्याला २००० साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घोषित केलं. आपल्या माणसाला या कशाचंच कौतुक नाही. त्याच्या लेखी वाडा म्हणजे चांगल्या जमिनीतून खणून काढलेला आणि विनाकारण उभा रचलेला दगड. त्याच्या दृष्टीने नदीचं काम एवढंच, की तिने वाटेत जमिनी बदलत जावं, म्हणजे दर पन्नास कोसांवर नवा दगड आणि नवा दुराग्रह तयार होतो.

समुद्राच्या टोकाला, नांत शहराभोवती, म्युस्कादेवाला राहतो. तो या जमातीतला सगळ्यात दुखावलेला. त्याचा दगड ग्रॅनाइट, नाइस किंवा हिरवट काळा गॅब्रो, म्हणजे अगदी दणकट. पण त्याची वाइन जगभर "शिंपल्यांबरोबर प्यायची स्वस्तातली पांढरी" म्हणून ओळखली जाते. द्राक्षाचं नाव मलों द बुर्गोन्य, म्हणजे ते मूळ बुर्गोन्यमधलं, आणि तिथून हाकललेलं. १७०९ च्या भयंकर हिवाळ्यात इथल्या बागा थंडीने गेल्या, तेव्हा थंडीला दाद न देणारी ही जात सर्वत्र लावली गेली. तिची वाइन हिवाळाभर गाळावर तशीच ठेवून, न ढवळता बाटलीत भरतात. २०११ साली क्लिसों, गोर्ज आणि ल पाले या गावांना स्वतःच्या नावाने वाइन विकायचा मान मिळाला, तेव्हापासून म्युस्कादेवाला जरा ताठ चालतो. त्याच्याकडे गेलात तर शिंपल्यांचा विषय काढू नका. तो स्वतःच काढेल.

तिथून वर आंजू प्रांतात आलं, की दोन आंजू लागतात, एक काळा आणि एक पांढरा. आँजे शहराच्या पश्चिमेला जुन्या डोंगराचा शिस्ट आणि पाटीचा दगड. या परिसरातली छपरं शाकारायला हाच दगड लागायचा. त्रेलाझेच्या खाणी २०१३ मध्ये बंद झाल्या. पूर्वेला गेलं की एकदम पांढरी चुनखडी. दोन्हीकडचे लोक एकाच चर्चमध्ये जातात, एकमेकांच्या लग्नांना हजेरी लावतात आणि एकमेकांच्या जमिनीबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. पांढऱ्या बाजूचा दगड सुमारे नऊ कोटी वर्षं जुना. काळ्या बाजूचा तीस कोटींच्या पलीकडचा. "नऊ कोटी?" काळा आंजूवाला हसतो. "अजून ओलाच असेल."

ती पांढरी चुनखडी म्हणजे तुफो. सोम्यूरचा व्हिन्येरों तुफोत राहतो, आणि हे अक्षरशः खरं आहे. तुफो इतका मऊ, की करवतीने कापता येतो. वाडे आणि घरं बांधायला तो शतकानुशतकं डोंगर पोखरून काढला, आणि मागे राहिलेल्या बोगद्यांत लोकांनी बिऱ्हाडं थाटली, आळंबी पिकवली आणि वाइन ठेवली. आत बारा महिने साधारण बारा अंश तापमान. सोम्यूरवाल्याला एसीचं बिल येत नाही, हे तो दगड दाखवण्याच्याही आधी सांगतो. त्याचा दुसरा अभिमान असा, की हा दगड पावसाचं पाणी पिऊन ठेवतो आणि उन्हाळ्यात वेलीला थोडंथोडं पाजतो. त्याची बैठकीची भिंत तुफोची, तळघर तुफोचं आणि बाग तुफोवर. दगड आणायला त्याला बाहेर जावं लागत नाही; भिंतीचा कोपरा नखाने खरवडून तो तुमच्या तळहातावर ठेवतो. भिंतीला त्या ठिकाणी चांगला खळगा पडलेला मी पाहिला आहे.

शिनोंवाल्यावर वेळ घालवत नाही. तो जेवायला बसवतो, लेखक राब्ले आपल्याच गावचा असल्याचं सांगतो आणि लाल वाइन ओततो. एक गोष्ट मात्र त्याच्या तोंडून ऐकावी. त्याच्या लाल वाइनचं द्राक्ष काबेर्ने फ्राँ. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी डीएनए तपासून दाखवून दिलं, की जगप्रसिद्ध काबेर्ने सोव्हिन्यों हे काबेर्ने फ्राँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या दोघांचं अपत्य आहे. दोन्ही आईबाप आज लुआरमध्ये नांदतात आणि पोरगं बोर्डोकडे जाऊन पैसेवालं झालं. शिनोंवाला हे सांगताना सुस्कारा टाकतो. पोरगं पत्रही पाठवत नाही.

व्हुव्रे गावात मात्र थांबावंच लागतं.

व्हुव्रे नदीच्या उजव्या काठावर, मोंलुई डाव्या. समोरासमोर. द्राक्ष एकच, शेनँ ब्लाँ. दगडही बराचसा तोच. वाइनही, आता कुणी ऐकत नाही म्हणून सांगतो, पुष्कळदा सारखीच. एके काळी मोंलुईची वाइन व्हुव्रेच्याच नावाने विकली जायची आणि त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग १९३६ मध्ये व्हुव्रेला सरकारी नामांकन मिळालं आणि नदी मध्ये आली. मोंलुईवाल्यांना १९३८ मध्ये स्वतःचं नाव घ्यावं लागलं. हे काल घडल्यासारखं दोन्ही काठांवर सांगतात. व्हुव्रेवाला मोंलुईबद्दल वाईट बोलत नाही. तो नुसता "पलीकडे" म्हणतो, आणि हाताने नदीपार काहीतरी झटकतो.

व्हुव्रेवाल्याची खरी गंमत अशी, की त्याला यंदा कुठली वाइन होणार ते सप्टेंबरात सांगता येत नाही. शेनँ हे हट्टी द्राक्ष. आंबटपणा भरपूर आणि पिकायला उशीर. ऑक्टोबर कोरडा आणि उन्हाचा गेला तर गोड वाइन होते, मध्यम गेला तर अर्धगोड, पावसाळी गेला तर कोरडी, आणि अगदीच हिरमुसला तर फसफसणारी. एकाच वावरातून चार प्रकार, आणि चारही वेळा तो सांगणार, की मातीच्या मनात हेच होतं. काउंटरच्या त्या टोकाला त्याची बायको बसलेली असते. हिशेब तिच्याकडे. जुन्या सालांबद्दल तो बोलत असला की ती मध्येच, वर न बघता, दुरुस्ती करते. "दोन हजार तेरा," तो डोळे मिटून म्हणतो, "कठीण, पण चारित्र्यवान साल." "गारपीट झाली होती," ती म्हणते. जून २०१३ मध्ये व्हुव्रेवर खरोखरच गारांचा मारा झाला होता. बँकेच्या कर्जाच्या कागदावर मातीची सही चालत नाही, हे घरात एकीला तरी माहीत असतं.

याला शहाणपणा शिकवायला जाऊ नये. बाल्झाक याच तूरचा, जन्म १७९९. त्याची एक कथा आहे, पॅरिसहून विमा आणि वर्तमानपत्रांची वर्गणी विकायला व्हुव्रेला आलेल्या चतुर फिरत्या विक्रेत्याची. गावकरी त्याला मुद्दाम एका वेड्याच्या घरी पाठवतात आणि तो वेडाच याला नसलेली वाइन विकतो. कथा १८३३ च्या सुमाराची, पण काउंटर तोच आहे. मी एका मित्राला घेऊन गेलो होतो. आत शिरताना तो म्हणाला, "आपण फक्त चाखायचं, घ्यायचं काही नाही." बाहेर पडताना डिकीत खोकी होती आणि मित्राच्या खिशात दगड.

तूरच्याच परिसरात छाटणीची दंतकथाही सांगतात. चौथ्या शतकातल्या संत मार्टिनच्या मठात साधूंनी गाढवं वेलींना बांधली आणि गाढवांनी वेली खाऊन टाकल्या. साधूंनी कपाळाला हात लावला. पुढच्या वर्षी त्याच वेलींना सगळ्यात सुंदर द्राक्षं आली. खोऱ्यातला पहिला छाटणीतज्ज्ञ गाढव होता, हे इथले लोक अभिमानाने सांगतात, आणि मग शेजाऱ्याच्या छाटणीकडे बोट दाखवून त्याची परंपरा अजून चालू असल्याचंही सांगतात.

आता सांसेर. या जमातीचा कळस.

सांसेरवाल्याला पैसा मिळाला आहे. त्याची पांढरी सोव्हिन्यों ब्लाँ पॅरिसपासून न्यूयॉर्कपर्यंत हॉटेलांत जाते. त्यामुळे त्याच्याकडे दगड खिशात नसतात, काचेच्या बरण्यांत असतात, आणि बरण्यांवर आतून दिवा. पहिल्या बरणीत कायोत, म्हणजे चुनखडीचे बारीक पांढरे खडे. दुसरीत तेर ब्लाँश, म्हणजे चिकणमाती आणि चुना यांचं मिश्रण. पंधरा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्यातले स्वल्पविरामासारखे शिंपले यात सापडतात. तिसरीत सिलेक्स, चकमकीचा दगड. तीन बरण्या, त्यांच्यापुढे तीन पेले. द्राक्ष एक, साल एक, करणारा हात एक. फरक फक्त जमिनीचा. कायोतची लवकर फुलते, तेर ब्लाँशची भारदस्त आणि सावकाश, सिलेक्सची काटक, धुराच्या अंगाची. हे सगळं सांगून झालं की तो गप्प बसतो आणि तुमचा चेहरा वाचू लागतो.

इथे काय बोलायचं, हा पाहुण्यांपुढचा मोठाच पेच. तीनही छान लागतात. तिसरी कदाचित जरा जास्त, पण ती तिसरी असल्यामुळे. अनुभवाने सांगतो: दुसरा घोट घेतल्यावर भुवया वर करायच्या आणि "ही वेगळी आहे" म्हणायचं. ते कधीच चुकत नाही. बरोबर तिथलंच शाव्हिन्योल गावचं बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज येतं. त्याचं कौतुक केलंत तर बकरी कुठल्या मातीवर चरली तेही कळतं.

मी एकदा त्याला छेडलं. या टेकडीवर सोव्हिन्यों हवी हे मातीनेच ठरवलं असेल, तर एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने बागा जाण्याआधी इथे बहुतेक पिनो न्वार आणि गामे ही लाल द्राक्षं कशी होती? त्याने मला क्षमा केल्यासारखं पाहिलं. "माती तेव्हाही बरोबरच होती," तो म्हणाला. "माणसं ऐकत नव्हती." समोरच्या काठावर पुयी-फ्युमे आहे. तेच द्राक्ष, बरेचसे तेच थर. डोळे बांधून दोन्ही ओळखून दाखवा म्हटलं, की त्याला फोन येतो.

एवढ्यात कुणीतरी अॅलेक्स मॉल्टमनचं नाव काढतं. मॉल्टमन हे वेल्समधल्या अॅबरिस्टविथ विद्यापीठातले भूगर्भशास्त्रज्ञ, स्वतः वेली लावणारे. २०१८ मध्ये त्यांनी बागा, खडक आणि माती यांच्यावर ग्रंथच लिहिला. त्यांचं म्हणणं सरळ आहे. दगडातली खनिजं पाण्यात सहज विरघळत नाहीत, विरघळली तरी त्यांना चव नसते, त्यामुळे जिभेला लागणारी ती "दगडाची चव" दगडातून आलेली असूच शकत नाही. चकमकीचा वास तर गंधकाच्या संयुगांचा. ही संयुगं वाइन बनताना तयार होतात. माती काम करते ते वेगळ्या वाटेने: पाणी किती धरते, निचरा किती लवकर होतो, उन्हाने किती तापते, मुळं किती खोल जाऊ शकतात. म्हणजे मातीचा हात आहेच, तिची चव मात्र पेल्यात येत नाही. हे मला पटतं. शेतीतला कुठलाही माणूस हेच सांगेल.

सांसेरवाला हे सगळं शांतपणे ऐकून घेतो. त्याने मॉल्टमन वाचलेला आहे, बरं का. कपाटात प्रत आहे. मग तो विचारतो, "ते प्राध्यापक वाइन कुठली पितात?" ते मला ठाऊक नसतं. "बघा," तो म्हणतो. यात काय बघायचं ते मला आजवर कळलेलं नाही, पण वाद तो जिंकलेला असतो.

फक्त एका मोसमात या माणसाच्या तोंडून मातीचं नाव निघत नाही. एप्रिलमध्ये कोंब फुटलेले असतात आणि रात्रीचं तापमान शून्याखाली जातं. २०१६, २०१७ आणि २०२१ च्या एप्रिलने खोऱ्याला असंच भाजून काढलं. रात्रभर ओळीओळीत मोठाल्या मेणबत्त्या पेटवायच्या, वारा फिरवणारे पंखे लावायचे, कुणी ऐपतदार असला तर हेलिकॉप्टर बागेवर घिरट्या घालायला बोलवायचं, म्हणजे वरची उबदार हवा खाली येते. आमच्याकडे निफाडचा पारा उतरला, की बागांत शेकोट्या पेटतात, त्यातलंच हे. अशा रात्रीनंतर सकाळी त्याच्याकडे गेलात, तर तो दगड देत नाही. कॉफी देतो. काळे पडलेले कोंब बोटांत चुरडत बसतो. मे महिन्याच्या ११, १२ आणि १३ तारखांना थंडी घेऊन येणारे तीन संत असल्याची इथली समजूत. ते उलटेपर्यंत त्याच्याशी व्यवहाराचं बोलू नये.

या जमातीला तिच्या तोलाचा माणूस भेटलेला मी एकदाच पाहिला. ते आमचे मामा.

मामा निफाडकडचे द्राक्ष बागायतदार. खाण्याची द्राक्षं आणि थोडी वायनरीला देण्यासाठी शेनँ ब्लाँ. नाशिक भागात पांढऱ्या वाइनसाठी जी जात सगळ्यात जास्त लावतात, तीच, लुआरची. म्हणून त्यांना शेनँचं माहेर दाखवायला ऑक्टोबरच्या शेवटी लेयों नदीकाठी नेलं. काळ्या आंजूतला भाग, शिस्टचा डोंगरउतार, तोडणी चालू. तिथल्या व्हिन्येरोंने तोडणी सोडून येऊन रीतसर दगड दिला.

मामांनी तो चाटण्याआधीच अंगठ्याखाली दाबला. कडेचा पापुद्रा सुटला, तो त्यांनी चुरडला, फुंकून टाकला आणि म्हणाले, "मुरूमच आहे की रे. थराथराचा, पण कामाला मुरूम. पाणी धरत नसेल." मी भाषांतर केलं. व्हिन्येरोंने मामांचे दोन्ही हात धरले. त्याच्या अंगणात येऊन पहिल्या मिनिटाला निचऱ्याबद्दल बोलणारा पाहुणा त्याने पाहिला नसावा.

मामांचे प्रश्न मात्र वेगळ्या दिशेने गेले.

"ठिबक किती तास?"

पाणी देतच नाही, वरून पडेल तेवढंच, असं उत्तर आलं. मामा म्हणाले, "बरंय बुवा."

"छाटणी?"

वर्षातून एकदा, हिवाळ्यात. मामांना ते खरंच वाटेना. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. वेलीला झोप अशी नाहीच. इथली वेल हिवाळाभर झोपते हे कळल्यावर मामा तिच्याकडे जरा रागाने बघू लागले.

"एकरी किती निघतं?"

वर कार द शोम नावाचा तुकडा होता. तिथे हेक्टरी वीस हेक्टोलिटरच्या वर काढायला कायद्यानेच बंदी आहे. मी हिशेब करून सांगितलं, एकरी आठशे लिटर, म्हणजे द्राक्षं फार तर टन-सव्वा टन.

"परत विचार. एक शून्य राहिलं असेल," मामा म्हणाले. दहा-दहा टनांच्या बागा बघितलेला माणूस.

शून्य राहिलेलं नव्हतं. मग तोडणी चालली होती त्या ओळीत आम्ही गेलो आणि मामा थबकलेच. घडावरचे मणी सुरकुतलेले, जांभळट तपकिरी, वर राखाडी बुरशीची लव. व्हिन्येरोंने तो घड हलक्या हाताने उचलून दाखवला, बोटांची टोकं ओठांना लावली आणि म्हणाला, "सुंदर, नाही?"

मामांनी मला बाजूला घेतलं. "अरे, बागेत बुरशी शिरलीये त्याच्या. सांग त्याला. कुणी सांगितलेलं दिसत नाही."

मी समजावलं. सकाळी लेयोंवरून धुकं येतं, त्याने ही बुरशी धरते. दुपारी ऊन पडतं, त्याने ती ओली सडत नाही. मण्यातलं पाणी उडून जातं, साखर आणि आंबटपणा आटून राहतो. सगळे घड एकदम बुरशी धरत नाहीत, म्हणून मजूर त्याच ओळीतून पुन्हापुन्हा फिरतात आणि नासलेले तेवढेच वेचून काढतात.

"नासलेले वेचतात?"

"हो."

"आणि चांगले ठेवतात?"

"नासेपर्यंत."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. जन्मभर याच बुरशीवर औषधं मारत आलेला माणूस. मग हळूच विचारलं, "भाव कसा मिळतो?" भाव सांगितल्यावर त्यांनी घडाकडे पुन्हा एकदा, नव्या नजरेने पाहिलं.

मग ते उकिडवे बसले, वेलीच्या बुंध्याशी बोट नेलं आणि कलमाच्या जोडावर टेकवलं. "खुंट कुठला?"

हा प्रश्न भाषांतरित होताच व्हिन्येरों प्रथमच गप्प झाला. फायलोक्सेराने युरोपच्या वेलींची मुळं खाल्ली, त्यानंतर इथे जवळपास प्रत्येक वेल अमेरिकन खुंटावर कलम केलेली असते.

"अमेरिकन," तो म्हणाला.

"आमचाही. डॉगरीज," मामा खुशीत म्हणाले. मग माझ्याकडे वळून: "म्हणजे बघ, मातीत आहे ती अमेरिकेची मुळी. याची वेल मातीला शिवलेलीच नाही."

हे भाषांतर करावं की नाही, असा प्रश्न मला पडला. केलं. व्हिन्येरोंने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, की शतकभराहून जास्त काळ ती मुळं इथे आहेत, आता ती आंजूचीच. मामांनी ते मान्य केलं. त्यांच्या मळ्याशेजारी राहणारी बाहेरगावची कुटुंबंही एव्हाना गावचीच झाली होती.

मग त्याने मामांना विचारलं, तुमचा दगड कुठला? काळा, लाव्ह्याचा. किती जुना? मी मध्ये पडून सांगितलं, साडेसहा कोटी वर्षं. त्याने मामांच्या खांद्यावर थोपटलं. "तरुण आहे. होईल."

पण "लाव्हा" हा शब्द त्याच्या डोक्यातून जाईना. शेनँ, आणि ज्वालामुखीवर! पेले भरताना त्याने दोनदा विचारलं. निघताना तर विनवलंच: पुढच्या वेळी याल तेव्हा तुमच्या बागेतला एक दगड आणाल का?

"याला दगड पाहिजे?" मामा मला म्हणाले. "बांधावर ट्रकभर पडलेत. फक्त भाडं द्यायला सांग."

तुमचं त्या बाजूला जाणं झालंच, तर आधी फोन करून जा आणि दुपारी बारा ते दोन अजिबात जाऊ नका. ती जेवणाची वेळ आहे आणि तेव्हा माती सुद्धा काही करत नाही. गाडी न पिणाऱ्याने चालवावी. थुंकायचं भांडं समोर असतं खरं, पण पैसे मोजलेलं थुंकायला आपला जीव धजत नाही. परतताना भारतात माणशी दोन लिटरच करमुक्त आणता येते. काय न्यावं हे तिथल्या माणसाला विचारू नका, सगळं त्याच्याच वावरातलं निघेल. सावनिएरची कोरडी एक आणि व्हुव्रेची अर्धगोड एक, या साडेसातशे मिलीच्या. आणि लेयोंची ती नासक्या द्राक्षांची गोड वाइन पाचशेच्या छोट्या बाटलीतही मिळते. बरोबर दोन लिटर होतात.